हक्कसोडपत्रातली स्पिनस्टर

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि शिकवायची खोड घरीही जात नाही. त्या दिवशी त्याच खोडीनं माझा घात केला.

भवानी पेठेतलं आमचं घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. आई-बाबा दोघंही गेले, मी त्यांची एकुलती एक. घर माझ्या नावावर करायचं तर आत्यानं आपला वाटा सोडल्याचं लिहून द्यायला हवं, म्हणजे हक्कसोडपत्र. आत्या जन्मभर आमच्यातच राहिलेली. ती सही करणारच, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की तिला आधी विचारलंसुद्धा नाही. सरळ कागद करून आणला आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. वकील जुने, मराठीत लिहायला त्यांना कमीपणा वाटतो. सगळा कागद इंग्रजीत.

आत्या सातवी शिकलेली, पण इंग्रजी अक्षरं लावते. सूतगिरणीत तीस वर्षं काढली, तिथल्या पाट्या वाचून शिकली. आपल्या नावापुढच्या शब्दावर बोट ठेवून ती एकदम खुलली.

"स्पिन... स्पिनस्टर. आगं, हे तर माजं खातं की! स्पिनिंग! वकिलाला कसं कळलं मी गिरणीत हुते?"

कागदावर त्या शब्दाचा अर्थ अविवाहित, पण बोलण्यात तो आपल्या घोडनवरीचीच सख्खी बहीण. वकिलावर डोकं सणकलं. "तसं नाही गं," म्हणत मी मोबाइलवर शब्दकोश उघडला आणि गारच पडले. मूळ अर्थ होता, सूत कातणारी. वीस वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवतेय आणि मला हे माहीत नव्हतं! लगेच माझ्या अंगात मास्तरीण संचारली.

"आत्या, तुझंच खरं! शेकडो वर्षांपूर्वी साहेबाच्या देशात सूत कातणाऱ्या बाईलाच हे म्हणायचे. पुढं अर्थ फिरला, बिनलग्नाची बाई झाला."

"फिरला कसा?"

"सूत कातून पोट भरणाऱ्यांत बिनलग्नाच्या बायका पुष्कळ. मग कचेरीच्या कागदांत त्यांना तेच नाव पडलं."

आत्यानं शब्दावरचं बोट काढलं.

"माजं बी तसंच झालं बग. करकंबचं स्थळ आलं हुतं. मास्तर हुता, मला लई पसंत हुता. दादा म्हनला, दोन वर्सं थांब. पोरीची शाळा हाय, तुजा पगार गेला तर कसं चालायचं? त्ये काय थांबले न्हाईत. पुन्ना कुनी आलं की दादा भाईरच्या भाईर लावून द्यायचा."

दादा म्हणजे माझे बाबा. पोरगी म्हणजे मी.

आमच्या घरात सांगितली जाणारी गोष्ट वेगळी होती. आत्याला लग्नच करायचं नव्हतं म्हणे. मीही ती कौतुकानं सांगत आले, मैत्रिणींना, वर्गातल्या मुलींनासुद्धा. आमची आत्या स्वतंत्र बाण्याची! बाबांचा असा संताप आला, आणि तो काढायला ते नव्हते. ज्या इंग्रजीचा तोरा मी आत्ता तिच्यापुढं मिरवला, ती तिच्याच गिरणीतल्या पगारावर शिकले होते. स्वतःची किळस आली.

"तू कधी बोलली नाहीस ते."

"कुनी इचारलं?"

तिनं चष्मा नीट केला, पेन उचललं आणि सहीची जागा शोधून तिथं टेकवलं. मग काहीतरी आठवल्यासारखं वर बघितलं.

"तितल्या त्या सूतवाल्या बायांच्याकडनं मागनं घरबी लिवून घेत हुते का गं?"

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी तिच्या हाताखालून कागद ओढला, तशी शाईची रेघ पार खालपर्यंत गेली.