ग्रेटाची राहिलेली ओटी

ग्रेटा गेली हे मला कळलं, तेव्हा तिला जाऊन दीड महिना झाला होता. हॉलंडहून पाकीट आलं. पत्ता आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजचा आणि खाली ‘मध्यभारत’. इथे मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला हे तिकडे कोण सांगणार! अक्षर ओळखीचं नव्हतं, म्हणून शाळेतून आल्या आल्या उभ्यानेच फोडलं. तिच्या बहिणीचं पत्र होतं. सकाळी नेहमीसारखी दवाखान्यात कामाला गेली, कोट खुंटीला अडकवला आणि तिथेच कोसळली... वय बेचाळीस. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मुलींना इंग्रजी शिकवते मी, पण त्या दिवशी एवढं साधं वाक्य डोक्यात शिरेना. आई आतून विचारत होती, कुणाची गं चिठ्ठी? मी म्हटलं, ग्रेटाची. आणि पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं.

फाळणीनंतर उज्जैनला सिंधी निर्वासितांची छावणी पडली, तिथे ही बाई नर्स म्हणून आपणहून, बिनपगारी काम करायला आली होती. बाबा तेव्हा शिक्षण खात्यात होते. कुणीतरी शब्द टाकला आणि आमची मागची खोली तिला मिळाली. आईने चार दिवस तिची कपबशी वेगळी ठेवली, पाचव्या दिवशी विसरली, की विसरल्यासारखं केलं, देव जाणे. शाळा सुटली की मी दुभाषी म्हणून तिच्याबरोबर छावणीत जायची. सहा महिन्यांत तिला माझी गरज उरली नाही. छावणीतल्या बायकांकडून ती अशी काही हिंदी उचलून आली, की देवास गेटवरचे तांगेवाले तिच्याशी भाडं ठरवताना हात जोडायचे. मराठी मात्र तिची ‘जेवलीस का’च्या पुढे फारशी गेली नाही. आई नि ती हिंदीत आणि खाणाखुणांनी बोलत, आणि दोघींचं बरं चालायचं.

एकदा घाटावर बसलो असताना तिने सांगितलं, की तिचा नवरा लढाईत गेला, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. माझाही दुसऱ्याच वर्षी गेला होता, विषमज्वराने. मी वीस वर्षांची होते. माहेरी परत आले, शिकले, मास्तरीण झाले. हे मी कुणाशी बोलत नसे, तिच्याशी बोलले. अशी मैत्रीण मला त्याआधी नव्हती आणि त्यानंतरही झाली नाही, हे मी स्पष्टच सांगते.

वहिनी बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा आईने तिची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण, हळदीकुंकू. ग्रेटा डोळे मोठे करून बघत राहिली. अशा वेळी मी चहाचं आधण ठेवायला आत जात असे. घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली होती, मलाही. घरून निघालेल्या लेकीसुनेला असं करतात, एवढंच तिला समजलं. तिने आईला विचारलं, मी जाईन तेव्हा माझी भराल? आई म्हणाली, भरीन की!

दोन वर्षांनी ती निघाली. आईने दिलेली माहेश्वरी साडी नेसून, कशीबशी खोचून, पूर्वेला तोंड करून पाटावर बसली आणि पदर पसरला. शेजारच्या दोघी आल्या होत्या. त्या दिवशी मी आत गेले नाही, स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिले. तिचं ते हसरं तोंड, तो पसरलेला पदर... आणि मी आईला मराठीत, भरभर, म्हणाले, “आई, हिचा नवरा लढाईत गेलाय.”

धर्म, रीत यातलं माझ्या मनात काही नव्हतं. जळफळाट होता नुसता. माहेरी आल्यापासून सात वर्षांत जे माझ्या पदरात पडलं नाही, ते या परक्या बाईने नुसतं मागितलं आणि तिला मिळणार! आईच्या हातात नारळ होता. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, नारळ ताटात परत ठेवला, ग्रेटाच्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, “बेटी, गोद अगली बार भरेंगे. अभी भर दी तो तुम लौटोगी नहीं.”

ग्रेटाने पदर आवरला, खुशीत मान हलवली. स्टेशनवर छावणीतल्या पन्नासेक बायका पायी आल्या होत्या. ती एकेकीला मिठी मारत होती, रडत होती, त्यांच्या पोरांची नावं घेत होती. ही कोण, कुठली, आणि या बायका तिला सोडायला तयार नव्हत्या. मी सामान मोजत उभी राहिले. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून एवढंच ओरडली, अगली बार!

सहा वर्षं तिची पत्रं येत होती. प्रत्येकात आईला नमस्कार आणि ‘नारळ ठेवलाय ना?’ मला वाटायचं, हिला सगळं कळलंय आणि ही मला टोचतेय. मी सगळ्याची उत्तरं दिली, नारळाचं सोडून. आता बहीण लिहिते, की या हिवाळ्यातल्या बोटीचं तिचं तिकीट काढलेलं होतं. दवाखान्यात ज्याला त्याला सांगायची, की उज्जैनला माझी एक आई आहे, मी परत यावं म्हणून तिने माझा नारळ अडवून ठेवलाय... म्हणजे तिला ते खरंच वाटलं होतं.

ती गेल्याचं आईला त्याच दिवशी सांगितलं. नारळाचं सांगायला मला तीन आठवडे लागले. गेल्या रविवारी दुपारी ती तांदूळ निवडत होती, तेव्हा सगळं बोलून टाकलं, जळफळाटासकट. मला वाटलं, रागावेल. तिने सूप खाली ठेवलं.

“तिचा नवरा गेलाय हे मला आधीच ठाऊक होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच वर्षी तिने सांगितलं होतं मला. तरी भरणार होते.”

“मग माझं ऐकून नारळ का ठेवलास?”

“तुझं ऐकून नाही. तुझं तोंड बघून. पोटच्या पोरीची कधी भरली नाही, आणि तुझ्यादेखत तिची भरू? हातच उचलेना गं.”

मी विचारलं, माझी का नाही भरलीस मग कधी?

“तिने मागितली,” आई म्हणाली. “तू कधी मागितलीच नाहीस.”

चौतीस वर्षांची आहे मी. बाबा बाहेर पेपर वाचत होते. मी आईसमोर सरकून बसले आणि पदर पसरला.