बुजवलेली देवळी

नातवंडांनो, कुही तालुक्यातल्या एका गावात पुरानं पडलेली घरं उभारायला आमच्या चर्चची मंडळी गेली, तेव्हा मीही गेले. आमच्या हौशी गवंड्यांनी एका म्हातारीच्या भिंतीतली दिवा ठेवायची चांगली चौकोनी देवळी पुराचं भगदाड समजून सिमेंटनं बुजवली.

"काहून बुजवली वं बाई? आता दिवा कुठी ठेवू मी?" तिनं मला विचारलं.

देवळी पुन्हा करून देणं चर्चच्या कामात बसतं का, यावर मंडळींची चर्चा सुरू झाली. इकडे सिमेंट वाळत होतं. शेवटी वैतागून मीच थापी घेतली आणि ते सगळं खरवडून काढलं.

अंधार पडताच म्हातारीनं तिथं दिवा लावला. त्या उजेडात मंडळी आपापल्या चपला शोधत होती. चर्चा अजून चालूच होती.