निजून बगा

नव्या रुग्णवाहिकेची चाचणी मी ड्रायव्हरच्या शेजारी बसून घेतली. परत येऊन अहवालात लिहिलं, ‘प्रवास सुखकर. एसी उत्तम.’ आमच्या अग्निशमन दलात आगीच्या बंबांबरोबर रुग्णवाहिकाही असतात आणि त्यांच्या खरेदीचे कागद वाहन विभागात मीच रंगवतो. रुग्ण मागे असतो, आडवा असतो, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? सुचलं नाही, एवढंच. हसा खुशाल; पण तुम्ही गेला असतात तर तुम्हीही आधी पुढचंच दार उघडलं असतं.

अहवाल मी मोठ्यानं वाचत होतो तेव्हा दादूस दारात उभे होते. लहान मुलाला झोपायची खूण करतात तसा त्यांनी तळहातावर गाल टेकवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “सायब, निजून बगा.”

दादूस आमचे सगळ्यांत जुने रुग्णवाहिका चालक. अंजूर गावचे. खरं नाव हजेरीपटात आहे, ते तिथेच राहू द्या. दलात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. चहासुद्धा उभ्यानं घ्यायचे, किल्ली बोटाभोवती फिरवत. बसलेला माणूस पाहिला की त्यांना बहुधा पेशंटच वाटायचा.

मोठ्या साहेबांनी त्यांना गाडीच्या निवड समितीत घेतलं. माझ्या अहवालामुळेच घेतलं, हे ओघानं आलंच.

आता, रुग्णवाहिका अख्खी तयार मिळत नाही. कंपनी इंजिन, चाकं आणि पुढची केबिन देते. मागची खोली बांधणारे वेगळे. असे तीन बांधणारे आम्ही पाहिले. वडप्याच्या एका गोदामात इस्त्रीच्या शर्टातला माणूस आम्हाला भिंतीचा पत्रा, जमिनीचं रबर, कप्प्यांच्या कड्या दाखवत होता. मी प्रत्येक कडी ओढून बघत होतो, एक हातातही आली. एवढ्यात मागे वळून बघतो तर दादूस बूट काढून स्ट्रेचरवर आडवे. हात छातीवर.

“अरे, इनको क्या हुआ?” शर्टवाला घाबरला.

“काय न्हाय झाला. गारी चालवा,” दादूस म्हणाले.

वडप्यापासून कशेळीपर्यंत आणि परत, कंटेनरच्या रांगेतून, खड्ड्याखड्ड्यांतून त्यांना तसंच आडवं फिरवलं. या वेळी मीही मागे बसलो. पायाकडच्या बाकावर, दोन्ही हातांनी दांडा धरून.

उतरल्यावर दादूसनी तीन बोटं वर केली. “सलाईनचा हूक नाकावर हाय, तो बाजूला घ्या. घरच्या मानसाची सीट पायाकडं हाय, ती डोक्याकडं घ्या, पेशंटला तोंड दिसला पायजे. आन् छताचा दिवा डोल्यात येतंय. तो कडंला घ्या.”

“सर, दिवा तर सगळ्यांचा मध्येच असतो,” शर्टवाला म्हणाला.

“तुमी निजला व्हता का कदी?”

परतीच्या वाटेवर मीही विचारलं, दिव्याचं एवढं काय? दादूसनी गिअर बदलला. मग सांगितलं. कापडाच्या लूमवर काम करणारा एक माणूस होता, दूर गावाकडचा, इथे कुणी नव्हतं. त्याला ते ठाण्याला नेत होते. जुन्या गाडीत मागची ट्यूब सायरनच्याच बटणावर होती. तो सारखा म्हणत होता, “भैया, ये ट्यूब बंद करो.” ट्यूब बंद केली असती तर सायरन बंद झाला असता आणि पुढची ट्रॅफिक हटली नसती. दादूसनी सायरन चालू ठेवला. ठाणं आलं तेव्हा त्याचे डोळे ट्यूबकडेच होते, उघडे.

“त्याच्या आयशीचा फोन आला. इचारती, शेवटी काय बगितला त्यानी?” किल्ल्यांचा जुडगा त्यांनी उगाच चाचपला. “मी सांगितला, मना बगितला.”

यानंतर कुठल्याही माणसानं काय केलं असतं? खरेदीच्या अटींत दिव्याचं कलम सगळ्यात आधी लिहिलं असतं. मी हूक लिहिला, सीट लिहिली. बाकीचा मसुदा मागच्या खरेदीवरून जसाच्या तसा उतरवला आणि त्यात ओळ होती, ‘छताच्या मध्यभागी एक दिवा.’ ती खोडायची राहिली. तीनदा मसुदा वाचला, तिन्ही वेळा शुद्धलेखन तपासलं.

दोन नव्या गाड्या आल्या तेव्हा दादूस निवृत्त झाले होते. पूजेला मात्र आले, पांढऱ्या कपड्यांत. आत डोकावून डोक्याकडची सीट पाहिली, तिच्यावरून हात फिरवला, खूष झाले. मग बूट काढायला वाकले. निजले असते तर दिवा दिसला असता.

“दादूस, फोटो! साहेब थांबलेत!” मी ओरडलो, हाताला धरून त्यांना बाहेर काढलं आणि तोंडात पेढा कोंबला. फोटोत सगळ्यांत रुंद हसू माझं आहे.

तेव्हापासून सायरन वाजला की माझं बूड खुर्चीवर ठरेना. ‘दिवा सरकवणे’ अशी फाइल काढली. छताला हात लावला तर हमी जाईल, असं बांधणाऱ्याचं उत्तर आलं. मी दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. फाइल जाडजूड झाली. दिवा जागच्या जागी.

एका दुपारी कॉल आला. अंजूर, छातीत दुखतंय. पत्ता ऐकला आणि मी हातातल्या फाइलसकट धावत जाऊन गाडीत बसलो. पुढे. सवय.

तिथून ठाण्याला निघताना मागे बसलो. स्ट्रेचरवर दादूस. डोक्याकडच्या सीटवर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, त्यांचा हात धरून. दादूसच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. नर्सताई सुई लावत होती, तिला दिवा हवाच होता. दादूसनी डोळे मिटले, उघडले, परत मिटले. मान वळवायला बघत होते, वहिनींकडे. उजेडानं जमत नव्हतं. मी उभा राहिलो, एका हातानं दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं फाइल दिव्याखाली आडवी धरली. त्यांच्या तोंडावर सावली पडली. कशेळीच्या पुलावर गाडी अडकली तेव्हाही हात खाली घेतला नाही.

दादूसनी डोळे उघडले. आधी वहिनींकडे बघितलं, बराच वेळ. मग वर, फाइलवरचं नाव वाचलं. मास्क जरासा उचलला.

“फायल कामाला आली सायब तुमची.”

ठाण्याहून ते परत आले नाहीत.

हमी गेली खड्ड्यात, असं मोठे साहेब म्हणाले आणि आमच्या वर्कशॉपनं दोन्ही गाड्यांचे दिवे कडेला बसवले. मी बूट काढले आणि स्ट्रेचरवर आडवा झालो. छताच्या मध्यभागी जुन्या दिव्याच्या स्क्रूची चार भोकं दिसत होती. त्यांच्याकडे बघत किती वेळ पडलो होतो, कळलं नाही. मागचं दार उघडलं. दादूसच्या जागी आलेला ड्रायव्हर होता, त्याच्या हातात किल्ली.

“उठा साहेब, कॉल आलाय,” तो म्हणाला. “झोपायचं तेव्हा झोपला नाहीत, आता कशाला जागा अडवताय?”