तापू नये म्हणून काढलेला पार्ट

“भोईर, उगाच नट खोलत बसू नका. भंगारवाल्याशी बोलून ठेवलंय मी,” सुधाकरकाका गॅरेजात पाय ठेवता ठेवताच म्हणाले.

मी बॉनेटमधून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. अंबरनाथ पश्चिमेच्या माझ्या गॅरेजात कुठली गाडी मेली ते मी ठरवतो.

गाडी म्हणजे दोन सीटची, उघड्या टपाची, लाल स्पोर्ट्स कार. एका बंद पडलेल्या कंपनीच्या आवारात सडत होती. प्रज्ञा सिस्टरच्या वडिलांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाने, ती तिथून उचलून आणली आणि स्वतःच्या हाताने उभी केली. फॅक्टरीत फिटर होते ते. लोक म्हणायचे, “आपल्याला कशाला हवीत असली थेरं?” ते हसायचे आणि दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत हीच गाडी पुढे काढायचे.

ते गेले, गाडी लेकीकडे आली आणि पहिल्याच मिरवणुकीत भर चौकात तिने वाफ सोडली. पोरांनी ढकलत घरी नेली. कुणीतरी शूटिंग केलं, ते अजून ग्रुपवर फिरतंय.

“ह्या वेळी मिरवणुकीत उकळली तर विकून टाकेन, असा काकांना शब्द दिलाय,” प्रज्ञा सिस्टर म्हणाल्या. “पण दादा, पप्पांच्या हातात ती कधी अशी नव्हती. मला ती रोज हॉस्पिटलच्या ड्यूटीवर न्यायचीय, बदलापूर ते उल्हासनगर. शोभेला नकोय.”

“विकायला लागणार नाही,” मी बोलून बसलो. आता माझी इज्जतपण त्या गाडीला बांधलेली.

प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, टायमिंग लावलं, कडक झालेले रबरी पाइप काढले. इंजिन गोड चालायला लागलं. मग सोमवारी मुद्दाम शिवमंदिराच्या गर्दीत घातली. अर्ध्या रस्त्यात टेंपरेचरचा काटा लालमध्ये!

बॉनेट उघडून रेडिएटरला हात लावला. कोमट. इंजिन उकळतंय, रेडिएटर कोमट आणि फॅन झोपलेला. मग पाणी मरतंय कुठे?

गॅरेजात आणून थर्मोस्टॅटचं झाकण खोललं. आत रिकामं भोक! थर्मोस्टॅट म्हणजे बांगडीएवढा एक व्हॉल्व, पाण्याच्या वाटेवरचा वॉचमन. इंजिन गार असताना तो पाणी आतल्या आत फिरवतो. तापलं की रेडिएटरची वाट उघडतो आणि ह्या इंजिनात त्याच वेळी आतली छोटी वाट बंद करतो. वॉचमनच नाही म्हटल्यावर छोटी वाट कायम उघडी. पाणी तिथूनच पळतं, रेडिएटरकडे थोडंच जातं. फॅनचा स्विच रेडिएटरमध्ये, त्याला बिचाऱ्याला कळतच नाही की वर आग लागलीये.

“कुठल्या गाढवाने काढला हा?” मी ओरडलो.

काका बाकावर बसले होते. “मीच काढायला लावला. आमचा दादा आजारी होता, तेव्हा सर्व्हिसिंगला मी नेलेली. सगळेच काढतात. थंड देशाचा पार्ट तो, आपल्या हवेत लागत नाही.”

गाढव शब्द हवेत तसाच राहिला. मी परत घेतला नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला पार्टवालापण तेच म्हणाला. “साईं, थर्मोस्टॅट कौन लगाता है? निकाल के फेंक दो, इंजन ठंडा रहेगा.”

“मेरा इंजन है ना? तू माल दिखा.”

त्याने वैतागून धुळीचा खोका उपसला. एका जुन्या छोट्या गाडीचा व्हॉल्व मापाला नेमका निघाला.

लावायच्या आधी मी चहाच्या टोपात पाणी ठेवलं, व्हॉल्व दोऱ्याने आत सोडला आणि काकांना बोलावलं. “बघा.” पाणी गार होतं तोवर व्हॉल्व गच्च बंद. उकळी यायच्या बेतात हळूच उघडला. वर काढला, गार झाला, परत मिटला.

काकांनी दोरा माझ्या हातातून घेतला आणि व्हॉल्व स्वतः परत बुडवून बघितला. “म्हणजे दादाची गाडी मी बिघडवली?”

“हो,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? “आणि आता भंगारात घालायला निघालात.”

मिरवणुकीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पुढे लेझीम, मागे डीजे आणि मधे लाल गाडी गोगलगायीसारखी. प्रज्ञा सिस्टर व्हीलवर, शेजारच्या सीटवर पप्पांचा फोटो. मी एका बाजूने चालत होतो, दुसऱ्या बाजूने काका, हातात रेडिएटरसाठी पाण्याचा भरलेला कॅन. गेल्या वर्षीच्या चौकात पोरांनी मोबाइल वर धरले. काटा चढला, चढला... फॅन घुर्र करून सुरू झाला आणि काटा मधोमध येऊन बसला. सिस्टरने त्या मोबाइलांकडे बघून असा लांबलचक हॉर्न दिला की लेझीमवाली पोरंसुद्धा नाचायची थांबली.

मिरवणूक संपली तरी कॅन भरलेलाच होता. काकांनी ते पाणी लेझीमच्या पोरांना पाजलं.

“काका, मग विकायची?” सिस्टरने विचारलं.

“कुणाच्या बापाची हिंमत आहे?” काका म्हणाले आणि डोळे पुसत फोटोकडे वळले.

आता ती गाडी रोज ड्यूटीवर जाते. एवढंच सांगतो, ‘आपल्याकडे हे लागत नाही’ असं कुणी म्हणालं, तर पार्ट फेकायच्या आधी टोपात पाणी ठेवा. काकांना ते पटलं. मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिवशी स्वतःची गाडी घेऊन आले. तिच्यातलापण थर्मोस्टॅट काढलेला होता.