आज बाहेर कोण बसलं होतं?

मित्रांनो, लहानपणी गव्हाण गावच्या खळ्यावर ऐकलेला, एका दमातला ‘कबड्डी, कबड्डी’ अजून कानात आहे. कवितेच्या ध्रुवपदासारखा तो मनात घोळत राहतो.

यंदा आमचा लाडका कबड्डी संघ हरतच आला. आमच्यातला दत्तू माझ्या घरी टीव्हीसमोर बसला की हार ठरलेली. म्हणून त्याची खुर्ची दाराबाहेर, असा आम्हा म्हाताऱ्यांचा नियमच झाला.

आज संध्याकाळचा सामना हरलो असतो तर खेळ खलास. बाहेर खुर्ची सरकली, तसा बाळू ओरडला, "आली पनवती! दत्त्या, आत डोकावलास तर चहा नाही हं!"

आम्ही एका गुणाने मागे होतो. आमची शेवटची चढाई सुरू झाली आणि दाराबाहेर कुणीतरी दम न सोडता ‘कबड्डी, कबड्डी’ घुमवू लागलं. चढाई संपली, तसा आवाजही थांबला. आम्ही जिंकलो होतो!

"वा रे दत्तू!" म्हणत मी दार उघडलं. खुर्ची रिकामी होती. हात लावला, तर बैठक अजून गरम.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि दत्तू धापा टाकत समोर आला.

"मी कळंबोलीला ट्राफिकात अडकलो व्हतो रं. हरलो नाय ना?"