जांभळी गल्ली

आमच्या गल्लीला बाहेरचे लोक जांभळी गल्ली म्हणतात. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, कारण ही गल्ली मुळात जांभळी नव्हतीच. समुद्राकडे तोंड करून बसलेली बैठी घरं, पुढे खोल व्हरांडा, वारा खेळता राहावा म्हणून झडपांच्या लांब खिडक्या, आणि सगळ्या भिंतींना एकच रंग. पांढऱ्यात निळ्याचा जेमतेम एक थेंब. आमच्याकडे ऊन असं असतं की निव्वळ पांढऱ्या भिंतीकडे दुपारी बघवत नाही. त्या थेंबानं भिंत जरा निवते. तो थेंब टाकणारे रंगारीकाका माझ्या शेजारीच राहतात.

काकांना कामाला तोटा नव्हता. खाऱ्या हवेत रंग टिकतो कुठे? गल्लीच्या या टोकाला सुरुवात करून त्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या घराच्या खपल्या निघायला लागलेल्या असायच्या. काकांनी रंगांचं कार्ड कधी हातात धरलं नाही. बादलीत रंग कालवायचा, बोटानं भिंतीवर एक फराटा ओढायचा आणि तो वाळेपर्यंत पायरीवर बसून राहायचं. कुणी घाई केली तर चिडायचे. म्हणायचे, "ओला रंग खोटं बोलतो. वाळू दे, मग बोलू."

काकू शिवणकाम करायच्या. गल्लीतल्या समस्त बायकांचे घरात घालायचे सुती झगे त्यांच्याच मशीनवर व्हायचे. सैल, गळा मोठा, घामानं पाठीला चिकटणार नाही असे, आणि खिसा हवाच. खिसा नको म्हणणारीला त्या विचारायच्या, "मग किल्ली काय दातात धरणार?" दोऱ्याची रिळं आणायचं काम काकांचं. कापडाचा तुकडासुद्धा सोबत नेत नसत. एकदा बघायचे आणि दुकानातून नेमकं त्याच रंगाचं रीळ घेऊन यायचे. काकूंना या गोष्टीचा भारी अभिमान. नवऱ्याचं कौतुक एरवी त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, पण हे मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायच्या.

मग एकदा काकांनी काळ्या झग्यासाठी गडद निळं रीळ आणलं. काकू हसल्या. पुढच्या खेपेला पांढऱ्याऐवजी पिवळट आलं, तेव्हा नाही हसल्या. ती रिळं त्या गुपचूप दुकानात जाऊन बदलून आणू लागल्या. काकांना कळू दिलं नाही.

त्याच सुमारास माझ्या घराला रंग द्यायची पाळी आली. मी काही दिवस बहिणीकडे गेले होते. परत आले आणि फाटकातच थबकले. माझं घर वांग्यासारखं झालं होतं. काका शिडीजवळ उभे, चेहऱ्यावर समाधान ओसंडून वाहतंय.

"कसा झालाय?" त्यांनी विचारलं. "सारखा पिवळट वाटत होता, म्हणून थोडा निळा वाढवला. आता बघ, कसा अगदी हलका उतरलाय!"

माझी जीभ कशी आहे ते गल्लीला माहीत आहे. मी तोंड उघडलंच होतं. पण काकांच्या मागे काकू उभ्या होत्या, आणि त्यांनी दोन्ही हात जोडले होते. ती बाई कुणापुढे हात जोडणारी नाही. माझ्या तोंडून निघालं, "छान झालाय, काका."

संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे गं. त्यांना वाटतंय चष्म्याचा नंबर बदललाय. सगळं पिवळं दिसतं, म्हणून निळा ओततात, आणि हा निळा जास्त झाला की जांभळा मारतो. आयुष्यभर एवढंच तर केलंय त्यांनी. हेही चुकलं म्हणून कळलं तर मोडून पडतील. तू काही बोलू नकोस."

मी वचन दिलं. एका घरापुरतं प्रकरण आहे, असं मला वाटलं होतं. पण काकांच्या त्या डोळ्यांना माझं घर हलकं निळं दिसायचं, आणि त्याच्या शेजारी बाकीची घरं पिवळी धमक. ते एकेकाच्या व्हरांड्यात जाऊन बसायला लागले. "काय हे घराचं करून ठेवलंय! आजाऱ्यासारखं पिवळं पडलंय. रंगवून टाकू." आधी पोस्टमास्तरांचं घर गेलं. मग सुईणीचं, मग जुळ्या भावांची दोन्ही. काकांच्या आधी काकू प्रत्येकाकडे जाऊन यायच्या, आणि त्या येऊन गेल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती व्हायची नाही. पोस्टमास्तर मला म्हणाले, "रात्री स्वप्नातसुद्धा जांभळं दिसतं हो. पण त्यांनी माझ्या बापाचं घर रंगवलंय. मी कसा सांगू?" कोळी तर चेष्टाच करायचे, की आता दीपगृहाच्या दिव्याची गरज नाही, तुमच्या गल्लीवरूनच किनारा सापडतो.

काकूंनी मग त्या रंगाला त्यातल्या त्यात शोभतील असे फिक्या लिंबाच्या रंगाचे पडदे शिवून घरोघरी दिले. ते लावल्यावर सगळं मुद्दाम केल्यासारखं दिसायला लागलं. शहरातून कुणी घरबांधणी शिकणारी मुलं आली, फोटो काढून गेली, धाडसी रंगसंगती वगैरे म्हणाली. काकांना "धाडसी" शब्द काही पटला नाही. "साधा तर रंग आहे," म्हणाले.

दवाखान्यातली डॉक्टरीण ऑपरेशन करा म्हणून काकूंच्या मागे लागली होती. पण दर वेळी काकूंचं काहीतरी निघायचं. आता उकाडा आहे, घाम डोळ्यात जाईल. आता वारा आहे, वाळू उडते. आता पाहुणे येणार आहेत. मला हळूहळू उमगलं. डोळे उघडले की गल्ली दिसणार, म्हणून ही बाई डोळेच उघडू देत नव्हती. आणि जितका उशीर होईल तितकी घरं जांभळी होत होती.

एक दिवस काका शिडीवरून उतरताना शेवटची पायरी चुकले आणि पडले. पाय मुरगळला, कपाळाला खोक पडली. काकू हळद दाबत होत्या आणि काका म्हणत होते, "इथं पायरी होती ना गं? मला का नाही दिसली?" ते ऐकून मला राहवलं नाही. काकूंना मागच्या दारी ओढून नेलं.

"तुम्ही त्यांना सांभाळताय की त्यांचा रंग?" मी म्हणाले. "उद्या मान मोडली तर काय करणार?"

काकू माझ्यावर चिडल्या नाहीत. मशीनच्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ रडल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन आल्या.

एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. काकांना घरी आणायच्या दिवशी सगळी गल्ली पडद्याआड उभी होती. काका गाडीतून कोपऱ्यावरच उतरले. काकूंनी हात धरला तो सोडवून घेतला, काळा चष्मा काढला आणि समोर बघत राहिले.

मग त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा तळव्यानं झाकला आणि जुन्या डोळ्यानं बघितलं. हात बदलला. नव्या डोळ्यानं बघितलं. पुन्हा जुन्या. पुन्हा नव्या. त्यांना काही समजावून सांगायची गरजच उरली नाही. एका डोळ्यात त्यांची फिकट निळी गल्ली होती, आणि दुसऱ्यात आमची.

"हे सगळ्यांना दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हाला लागेल म्हणून..."

"माझे डोळे गेले होते गं," काका म्हणाले. "कान शाबूत होते."

ते घरात गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही पडद्यांमागे मेल्यासारखे उभे. मला त्या क्षणी जितकी लाज वाटली तितकी क्वचितच वाटली असेल. आम्ही त्यांना जपत होतो म्हणे. खरं तर एवढ्या माणसांत त्या माणसाला आम्ही एकटं पाडलं होतं.

दुसरा डोळाही झाला. दोघांचं बोलणं मात्र बंदच होतं. काकू भिंतीशी बोलल्यासारख्या "जेवण वाढलंय" म्हणायच्या, काका निमूट जेवून उठायचे. रिळं आणायला काकू स्वतःच जात होत्या.

मग एका सकाळी माझ्या अंगणात बादली आपटल्याचा आवाज आला. काका रंग कालवत होते. मला बघून मानसुद्धा हलवली नाही. कालवून झाल्यावर त्यांनी भिंतीवर फराटा ओढला, तो वाळेपर्यंत पायरीवर बसले, आणि मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, इकडे ये जरा!"

काकू हातातलं कापड तसंच घेऊन धावत आल्या. इतक्या दिवसांनी आलेली हाक होती ती.

"कसा आहे?" काकांनी विचारलं.

"छान आहे," काकू घाईनं म्हणाल्या.

काकांनी ढवळायची काठी खाली ठेवली. "छान नको. बघ आणि सांग."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली, कारण इथं माझं काही काम नव्हतं. काकू भिंतीजवळ गेल्या, लांब आल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"अजून जांभळट मारतोय," त्या म्हणाल्या.

काकांनी बादलीत पांढरा ओतला, ढवळला, नवा फराटा ओढला. "बस," ते म्हणाले आणि पायरीवर सरकून त्यांनी काकूंसाठी जागा केली. "वाळला की पुन्हा सांग."