राबाचा धूर

मी तोंडाने फटकळ. आमच्या गंजाडच्या रस्त्याकडेला खडी फोडायचं मशीन आलं, तेव्हापासून तर डोकं फिरलेलंच असायचं. सागाच्या पानांवर पांढरा थर, आंब्याचा मोहर धुळीने माखलेला. भर ग्रामसभेत मी तसली एक फांदी टेबलावर आपटली. "या झाडांनी श्वास कुठून घ्यायचा? बोला की!" घरी आलो तरी जिवाला चैन नव्हतं, नुसता आतबाहेर करत होतो.

दुसऱ्या दिवशी राब भाजायचा होता. भाताचं बी टाकण्याआधी शेताच्या त्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं, हे आमच्यात वाडवडलांपासून चालत आलेलं. कडेला ऐनाचं जुनं झाड, आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं. आई त्यांना 'माझी माणसं' म्हणायची. पावसाळ्यात तिच्या वेलांना भोपळे धरायचे ते त्यांच्याच जिवावर. ते भोपळे डहाणूच्या बाजारात ती स्वतः नेऊन विकायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"वारा झाडाकडे आहे रे. उद्या भाज," ती म्हणाली.

"एवढ्याशा धुराने काय होतंय? ते मशीन बघ आधी!" मी काडी ओढली.

धूर थेट ढोलीत शिरला. माश्या भणभणत बाहेर पडल्या. मी वेड्यासारखा आगीवर माती टाकत सुटलो, हात पोळले, पण आता काय उपयोग? थोड्या वेळाने टेकडीकडे गेल्या त्या गेल्याच. आई रिकाम्या ढोलीत डोकावली आणि घराकडे वळली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पावसात वेल फुलांनी भरले. बोटाएवढे भोपळे धरायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. मी रोज उठून ढोलीला कान लावायचो. आत काही नाही. मशीन मात्र तिकडे धडधडत होतंच, आणि त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं की मला माझाच राब आठवायचा.

एका सकाळी आई वेलात वाकलेली दिसली. नरफूल तोडून ती एकेका मादीफुलात फिरवत होती. कमरेला हात लावून ती सरळ झाली आणि एक फूल माझ्या हातात दिलं.

"हाकलल्यास ना? आता तूच माशी हो."